कानानं चालवलेलं इंजिन

या मित्रांनो, टेकून बसा. घाई असेल त्यानं खुशाल उठून जावं, कारण माझं बोलणं मालगाडीसारखं आहे. सुरू व्हायला वेळ आणि थांबायलाही वेळ. पण बसलात तर गोष्ट सांगतो. एका बाईनं मला न बघता कसं चालवलं, त्याची.

मी एक जुनं इंजिन आहे. खरंखुरं म्हणाल तर नाही, आणि खेळणं म्हणाल तर मला राग येतो. लांबी वीतभर, अंग पितळेचं, रंग बाटलीच्या काचेसारखा हिरवा. मला घडवलं एका टर्नरनं. कारखान्यात तो लेथवर हे एवढाले दांडे कातायचा, आणि घरी आला की माझी कोटाच्या बटणाएवढी चाकं. एक चाक केसभर जाड झालं म्हणून त्यानं सहाच्या सहा पुन्हा केली. माणूस असा. जेवायला हाका मारून मारून घरचे थकायचे.

माझ्या पोटात त्यानं शिसं वितळवून ओतलं. इंजिनाला वजन नसेल तर चाकं नुसती घसरतात, ओढत काही नाहीत. ते शिसं पोटात असलं की मला कसं भरल्यापोटी उन्हात पडल्यासारखं वाटायचं.

माझं जग म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली. तीन टेबलं जोडून त्यावर रुळांचा मोठा गोल. स्टेशन, मग कागदाच्या लगद्याचा डोंगर आणि त्यात बोगदा, मग पत्र्याचा पूल, आणि वळून परत स्टेशन. इंजिन टर्नरचं, पण बाकीचं सगळं जग त्याच्या थोरल्या बहिणीनं, अक्कानं केलेलं. स्पंजची झाडं तिची, काडेपेटीची घरं तिची. मागच्या भिंतीवर तिनं आभाळ रंगवलं होतं. दुपारी खिडकीतून तिरपा उजेड त्या आभाळावर पडायचा आणि मी गोल गोल फिरायचो. फिरता फिरता अशी गुंगी यायची, की वाटायचं मी जागचा हललोच नाही. डोंगर आणि ढगच माझ्याभोवती रमतगमत चाललेत.

तेव्हा माझी वीज रुळांतून यायची. रुळांवर जरा धूळ बसली की मी खोकला आल्यासारखा अडायचो. म्हणून अक्का रोज स्पिरिटचा बोळा घेऊन, नाक रुळाला लावून, सगळा गोल पुसून काढायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती ती. रूळ पुसता पुसता भावाशी तोंड चालूच.

"बाळ्या, तुझं इंजिन पुलावर लंगडतंय बघ."

"कशावरून?"

"ऐकू येतंय मला."

बाळ्याचं वय तेव्हा साठ होतं.

मग अक्काच्या नजरेच्या मधोमध धुकं बसलं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. डॉक्टर म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं काही परत येणार नाही. तरी ती वर यायची, चाचपत रूळ पुसायची. एकदा तिच्या कोपरानं सिग्नल मोडला आणि स्टेशनचं छप्पर खाली आलं. तिनंच केलेलं ते, चार महिने खपून. तिनं बोळ्याची घडी घातली, टेबलावर ठेवली आणि खाली गेली. दुसऱ्या दिवसापासून म्हणायला लागली, "जिना चढायचा कंटाळा येतो बाई."

साफ खोटं. तिचे गुडघे टर्नरपेक्षा ठणठणीत होते.

टर्नरनं मला चार-सहा दिवस एकट्यानं फिरवलं. पण लंगडतंय म्हणणारं कुणी नसेल तर फिरवण्यात काय मजा? एक दिवस त्यानं मला कापसात गुंडाळून खोक्यात ठेवलं. किती दिवस गेले कोण जाणे. खोक्यात दिवस मोजता येत नाहीत. मला स्वप्नं पडायची. रूळ संपतच नाहीत, आभाळ खाली उतरून रुळांमध्ये आलंय, आणि मी चाकं न फिरवता नुसता तरंगतोय.

खोकं उघडलं ते टर्नरच्या लेकीनं. ती कमी ऐकू येणाऱ्यांची कानाची मशिनं दुरुस्त करते. दाण्याएवढी बॅटरी, मुंगीएवढी तार, असलं तिचं काम.

"बाबा, आत्या हे इंजिन चालवू शकेल."

"दिसत नाही तिला, आणि चालवेल काय?"

"कान आहेत ना शाबूत! इंजिनाला आवाज द्यायचा. आत बॅटरी बसवायची, म्हणजे रूळ पुसायची भानगड नाही. आणि आत्याच्या हातात रिमोट. खुर्चीत बसून चालवेल आरामात."

"आत जागा कुठंय?"

"शिसं काढायचं."

टर्नर तीन दिवस फुरंगटून बसला. "माझ्या इंजिनाचं पोट फाडायला निघाली, लेक आहे की वैरीण!" चौथ्या दिवशी मुकाट्यानं उठला आणि स्वतःच स्क्रू काढायला बसला. जवळजवळ सगळं शिसं निघालं, चाकांवर बसेल एवढा तुकडा तेवढा ठेवला. मला एकदम हलकं, पोरकं वाटलं. मग पोटात बॅटरी आली, बोटाच्या दोन पेरांएवढी. रिमोटचं ऐकणारी नखाएवढी पट्टी आली. शर्टाच्या बटणाएवढा स्पीकर आला, आणि त्याच्यासाठी माझ्या तळाला भोकं पाडली, नाहीतर आवाज आतच गुदमरला असता.

मित्रांनो, मी जन्माचा मुका. पहिली शिट्टी वाजली तेव्हा मला वाटलं, लांब कुठेतरी दुसरंच इंजिन हाक मारतंय. मग कळलं, अरे, हा तर मीच!

अक्काला वर आणलं. "काय दाखवताय मला? दिसतंय कुठं?" म्हणत ती खुर्चीत टेकली.

"दाखवायला नाही आत्या, चालवायला बोलावलंय."

हातात रिमोट दिला. फिरवायची एक चकती आणि शिट्टीचं एक बटण. अक्कानं चकती जराशी फिरवली आणि मी निघालो. छुक, छुक, छुक. बोगद्यात शिरलो तसा आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा दबला. बाहेर आलो, मोकळा झाला. आणि पत्र्याच्या पुलावर चढलो तर काय, खोलीभर घुमला!

"अगंबाई, पुलावर आलं!" अक्का खुर्चीच्या टोकाला आली. चेहरा असा, की रंगवलेल्या आभाळात जणू खिडकीच उघडली.

दुसऱ्या फेरीला घात झाला. माझ्या पोटाखालची एक नवी तार सैल पडली होती. बोगद्यातून बाहेर आलो, आणि पुलाच्या अलीकडे ती तार आसाला गुंडाळली. चाकं जाम. मी जागच्या जागी थिजलो. पण आवाज? आवाज आपला चालूच! कारण आवाज जोडला होता रिमोटच्या चकतीला, चाकांना नाही. चकती फिरलेली, म्हणजे छुक छुक. मी उभा, आणि माझं तोंड धावतंय.

अक्का तल्लीन होऊन ऐकत होती. टर्नरनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. लेक हातानं नको नको करत होती. पण तो चवड्यांवर पुढे आला, मला अलगद उचललं, हवेतून नेलं आणि फलाटाला लावलं. अक्कानं अंदाजानं चकती शून्यावर आणली.

"व्वा अक्का! फलाटाला बरोब्बर लावलंस!"

अक्का क्षणभर हसली. मग हसू उतरलं.

"पूल कुठे गेला, बाळ्या?"

"म्हणजे?"

"बोगदा झाला. पुढे पुलावर घुमायला हवं. घुमलं नाही. उडत आलं का इंजिन?"

"अगं, जरासं अडकलं होतं, म्हणून मी..."

"तीस वर्षं कानावर पोट भरलंय मी. फोनवर खोटं बोलणारा माणूस मला नुसत्या श्वासावरून कळायचा. आणि तू मला गंडवतोस?" मग आवाज खाली आला. "चुकलं असतं तर चाललं असतं रे. चुकू तरी द्यायचंस."

रिमोट स्टुलावर ठेवून, भिंतीला हात लावत ती खाली गेली. मला उचलून नेलं त्याचं दुःख नव्हतं, मित्रांनो. हवेत लटकलेलो असतानाही मी छुक छुक करत होतो, त्याची लाज वाटली.

लेकीनं मला उलटं करून आसात अडकलेली तार सोडवली.

"चूक आपलीच आहे बाबा," लेक म्हणाली. "आपल्याला दिसतं, म्हणून आवाज खरा आहे की खोटा, याचा विचारच केला नाही. तिला तेवढाच आधार, आणि तोच खोटा."

मग टर्नरनं माझ्या आसाला बारीक खाच पाडली आणि तिथं तांदळाच्या कणीएवढा लोहचुंबक बसवला. दोनदा चुंबक उडून पलंगाखाली गेला. तिसऱ्यांदा बसला. लेकीनं शेजारी चुंबक ओळखणारा तुकडा लावला. चाक फिरलं, चुंबक समोरून गेला, की एक छुक. चाक थांबलं, की मी गप्प. ती सैल तारही नीट नळीत कोंबली.

टर्नर खाली गेला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं जिन्यात अक्काचा आवाज आला.

"हात लावणार नाहीस?"

"नाही लावणार."

"तुझा भरवसा नाही. मांडीखाली हात घेऊन बस."

आणि तो बसला हो, मांडीखाली हात घेऊन, शाळेत शिक्षा झाल्यासारखा!

पहिल्या फेरीला मी फलाट सोडून पुढे गेलो. टर्नरचा गुडघा नाचायला लागला, पण हात मांडीखालीच.

"गेलं ना पुढे?" अक्कानं विचारलं.

"दोन डबे मावतील एवढं," लेक म्हणाली.

दुसऱ्या फेरीला फलाटाच्या आधीच थांबलो. तिसऱ्या फेरीला अक्का ओठातल्या ओठात मोजायला लागली. पूल संपला तिथून एकेक छुक, जपमाळेच्या मण्यासारखा. माझा प्रत्येक आवाज आता माझ्या पावलाचा होता, आणि प्रत्येक पाऊल तिच्या ओठांवर. मला वाटलं, मी रुळांवरून चालतच नाहीये, तिच्या मनातून चाललोय. हळू, आणखी हळू. थांबलो.

"आता?"

"अर्धा डबा पुढे, आत्या."

अक्का खळखळून हसली. "अर्ध्या डब्यातली माणसं उतरतील चालत!" आणि तिनं अशी लांबलचक शिट्टी मारली, की खालच्या मजल्यावरचं कुणीतरी ओरडलं.

"अक्का, हात बधिर झालेत," टर्नर म्हणाला. "काढू का?"

"अजून एक फेरी."

आता माझा रंग उडालाय, बॅटरी दोनदा बदलून झाली. आजही ती कधी अर्धा डबा पुढे थांबवते, कधी मागे. तेव्हा मित्रांनो, एवढंच मागणं आहे. कधी वरच्या खोलीत आलात, आणि मी वाटेत अडकून गप्प झालो, तर मला उचलू नका. कुठं अडकलोय ते अक्काला सांगा, आणि पुढचं तिच्यावर सोडा.