चषकावरचं नाव

०–०

"काका, तुमचा हात थरथरतोय," ग्वेंडा म्हणाली.

"चहा गरम आहे," थ्रेलफॉल म्हणाला आणि त्याने कप खाली ठेवला.

ग्वेंडा टीव्हीवाल्यांची बाई. स्टेडियमच्या पोटातली बिनखिडकीची खोली. तिच्यात एक टेबल, एक छोटा पडदा, दाराशी पहारेकरी आणि मधोमध चषक. विजेत्याचं नाव चषकाच्या चांदीच्या पट्टीवर कोरायचं काम सव्वीस वर्षं थ्रेलफॉलकडे होतं, पण गावात त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. सव्वीस नावं कोरली, त्यात त्याच्या गावाचं एकही नाही. केल्डरबी टाउन हा गावचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यात कधी आलाच नव्हता. आज आला होता, आणि थ्रेलफॉल पुढच्या महिन्यात कोरीवकामाच्या कंपनीतून निवृत्त होणार होता.

तीन आठवडे तो घरी पितळेच्या पत्र्यावर एकच नाव गिरवत बसला होता.

१–०

चौथं मिनिट. गोल समोरच्यांचा, हॅम्बरले रोव्हर्सचा.

"लवकर झाला ते बरं," तो पुटपुटला. "वेळ आहे."

पहारेकऱ्याने कान टवकारले. "तुम्ही केल्डरबीचे की काय?"

"मी कंपनीचा."

२–०, ३–०

हे दोन त्याने पाहिले. त्याचे वडील केल्डरबीच्या मैदानावर पावसात सामना पाहत उभे राहून न्यूमोनियाने गेले होते. निदान आई तरी तसंच सांगायची. तिसरा गोल झाला तेव्हा तो मनात म्हणाला, बाबा, तुम्ही सुटलात.

४–०

मध्यांतराआधीच.

५–०

पहारेकऱ्याने हसणं बंद केलं.

६–०

अठ्ठ्याहत्तरावं मिनिट. ग्वेंडाने कानावरचा हेडफोन सरकवला. "काका, घ्या कोरायला."

"शिट्टी झाल्याशिवाय मी कोरणी लावत नाही, बाई. आजवर कधी लावली नाही."

"तेव्हा सामने व्हायचे. हा काय सामना आहे? बारा मिनिटांत सहा गोल फेडणार? तुमचा देवावर भरवसा असेल, माझा वेळापत्रकावर आहे. चषक वेळेवर वर गेला पाहिजे."

थ्रेलफॉलने पडद्याकडे पाहिलं. केल्डरबीचा एक बचावपटू गुडघ्यांवर हात टेकून नुसता उभा होता. चेंडू त्याच्या जवळून गेला तरी त्याने मान वर केली नाही.

थ्रेलफॉलने भिंग डोळ्याला लावलं. पहिलं अक्षर एच.

कोरणी चांदीत शिरली आणि त्याला स्वतःच्या हाताचा राग आला. तीन आठवडे केल्डरबीसाठी थरथरणारा हात हॅम्बरलेसाठी दगडासारखा स्थिर होता.

६–१

रोव्हर्सचा शेवटचा एस राहिला होता. एसचं वळण एका दमात घ्यावं लागतं. मध्ये थांबलं की चांदीत खाच पडते आणि ती कायमची दिसते. तो वळणाच्या मध्यावर असताना डोक्यावरचं छत हादरलं.

रोव्हर्सच्या लोकांचा आवाज एव्हाना त्याला पाठ झाला होता. सहाव्या गोलाला तर ते कंटाळून टाळ्या वाजवत होते. हा आवाज तसा नव्हता. कोंडलेल्या माणसांनी दार फोडावं तसा तो वरून आला.

"अरे! मारला की हो! मारला!" पहारेकरी ओरडला.

थ्रेलफॉलची मान वळू लागली. कोरणीचं टोक चांदीत होतं. मान थांबली. त्याने एस पूर्ण केला, शेपटी बारीक करत सोडली, कोरणी उचलली आणि मग वर पाहिलं. ग्वेंडाने पडदा बक्षीस समारंभाच्या कॅमेऱ्यावर नेला होता. पडद्यावर रिकामा मंच आणि त्यावर एक झाडूवाला.

"पुन्हा दाखवा ना जरा."

"आता कुठलं दाखवते, काका? झालं का तुमचं?"

"कुणी मारला?"

"लाल केसांच्या कुणीतरी. द्या चषक."

शिट्टीनंतर

केल्डरबीच्या गावकऱ्यांची बस फाटकाबाहेर ऊन खात उभी होती. शेजारीण एडनाने त्याच्यासाठी जागा धरली होती, पण बसमध्ये कुणी चढतच नव्हतं. सगळे खाली उभे राहून गात होते. एडनाचे डोळे आनंदाने रडून सुजले होते.

"पाहिलास टिंडलचा गोल?" तिने त्याचा दंड धरून विचारलं. "पाहिलास ना रे?"

"नाही."

"नाही म्हणजे? होतास कुठे?"

"खाली होतो."

मग नळदुरुस्तीवाला क्लेग मांडीवर थाप मारून खिदळला. "संडासात! ऐका हो! गावाने जन्मभर वाट पाहिली, आणि हा बाबा संडासात!"

सगळे पोट धरून हसले. थ्रेलफॉलच्या उजव्या अंगठ्याच्या नखात चांदीचा कीस अडकला होता. तो हात त्याने खिशात घातला.

"हो," तो म्हणाला. "पोट बिघडलं होतं."

"बिचारा," एडना म्हणाली. "दाखवा रे याला. सगळं नीट दाखवा."

क्लेगने बिअरचा रिकामा डबा रस्त्यावर ठेवला. एक जण टिंडल झाला, एकीने डावीकडून पास द्यायचा होता. कुणी कुठे उभं होतं यावर दोघांचं भांडण झालं. मग क्लेगने थ्रेलफॉलला खांद्यांनी धरून फाटकाच्या दोन खांबांमध्ये नेलं.

"तू त्यांचा गोलकीपर."

"मी? मला उडी मारता येणार नाही, बाबा."

"मारूच नकोस. तोही जागचा हलला नव्हता."

थ्रेलफॉल दोन खांबांच्या मध्ये उभा राहिला. डबा खडखडत आला, त्याच्या डाव्या बुटाजवळून गेला, आणि त्याच्या पाठीमागे कुठेतरी थांबला. समोर सगळं केल्डरबी हात वर करून ओरडत होतं.

त्याने मागे वळून पाहिलं नाही.