डावीकडे ओढणारी खुर्ची

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझा कुणावरही विश्वास नाही. मला ढकलणाऱ्यावर तर मुळीच नाही. तो कायम पाठीमागे असतो.

प्रसूतिगृहात नवीन आले तेव्हा मी अगदी सरळ चालायचे. सगळे कौतुक करायचे. मग एकदा कुणीतरी माझ्यावर प्राणवायूची टाकी ठेवली आणि आम्ही दोघी जिन्यावरून गडगडत खाली आलो. टाकीची सगळ्यांनी चौकशी केली. माझं वाकलेलं चाक कुणी बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी डावीकडे ओढते.

आता आमच्या बोळाच्या टोकाला उजवीकडे बाळंतपणाची खोली आणि समोरासमोर, डावीकडे, ऑपरेशनची. उजवीकडे निघालेल्या बाईला घेऊन मी डावीकडच्या दारावर आदळते. मग बाया माझ्याकडे अशा बघतात, जणू मी डॉक्टरांना सामील आहे.

एक शिवणकाम करणारी बाई दुसऱ्या खेपेला आली. मला बघताच थबकली.

"हीच ती! मागच्या वेळी हिच्यावरूनच नेलं मला, एका शब्दानं न विचारता. मी चालत जाईन."

मागच्या वेळी बाळ पायाळू होतं, म्हणून ऑपरेशन झालं होतं. या वेळी तिला आधी प्रयत्न करायचा होता.

"डॉक्टर, खरं सांगा," ती म्हणाली. "जुना टाका धरेल का?"

"बहुतेक धरेल. हमी देत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "टाका खालचा, आडवा आहे, बाळाचं डोकं खाली आहे. प्रयत्न करू. मी सतत लक्ष ठेवेन, आणि ऑपरेशनची खोली तयार ठेवेन."

"म्हणजे तुमचं आधीच ठरलंय!"

"तयारी केलीय, ठरवलं नाही. ठरवणार तुम्ही."

तिनं डोळे बारीक केले. डोळे असते तर मीही केले असते.

ती आत गेली. बाहेर बाकावर तिची आई आणि सासूबाई बसल्या, मध्ये दोन पिशव्यांची भिंत.

"सरळ ऑपरेशन करायचं सोडून पोरीच्या जिवाशी खेळ चाललाय," आई म्हणाली.

"आम्ही नाही झालो घरी बाळंत? दुसऱ्या दिवशी पाणी भरत होते मी!"

"म्हणून तर आज कंबर धरून बसलाय, विहीणबाई!"

तेवढ्यात तिचा नवरा, सायकली दुरुस्त करणारा, खिशातून पाना काढून माझ्याखाली वाकला. मला वाटलं, चाक चोरतोय. पण त्यानं बायकोची तक्रार फारच मनावर घेतली होती. त्यानं चाक सरळ केलं, मग आणखी सरळ केलं, मग जरा जास्तच केलं.

दुपारी डॉक्टरबाई तिच्याजवळ वाकल्या. "बाळाचे ठोके कमी होतायत. टाक्याजवळही दुखतंय म्हणताय. आता थांबू नये असं मला वाटतं. तुम्ही सांगा."

"तुमची बहीण असती तर?"

"हेच सांगितलं असतं."

ती कोपरावर रेलून उठली. म्हणाली, "चला. आणा ती खुर्ची."

वॉर्डातल्या मावशींनी मला ढकललं. ऑपरेशनचं दार अगदी समोर! पण मी उजवीकडे ओढत गेले, गोल फिरले आणि तिला घेऊन परत बाळंतपणाच्या खोलीत शिरले.

"बघा, खुर्चीलासुद्धा कळतंय!" सासूबाई म्हणाल्या.

"जावईबापू, हे तुमचंच काम!" आई ओरडली.

"अहो, खुर्चीला कोण विचारतंय?" ती कळ सोसत किंचाळली. "माझं ठरलंय! उचला मला!"

आणि मित्रांनो, आई, सासूबाई, नवरा, मावशी, चौघांनी मला चार बाजूंनी उचललं. सासूबाई कंबर विसरल्या. कितीतरी वर्षांनी मी नाकासमोर सरळ गेले, तीही हवेतून.

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

घरी जाताना ती आपणहून माझ्यावर बसली. "टाके या वेळीही पडलेच की गं," आई म्हणाली.

"पडले. पण या वेळी मी हो म्हटल्यावर पडले," ती म्हणाली आणि लेकीला जवळ घेतलं.

तेव्हा मित्रांनो, माझ्या चाकांना वेळच्या वेळी तेल द्या, आणि त्या सायकलवाल्याला माझ्यापासून लांब ठेवा. मला ढकलण्याआधी पुढे या, बसलेल्या बाईच्या डोळ्यांत बघा आणि विचारा, "कुठं जायचंय?" उत्तर येईपर्यंत मी काही हलणार नाही. पाठीमागे कोण उभं आहे, तेही मी बघणारच.