मधली खाच

नवरा गेल्यावर महिन्याभरात वहिनी सासरच्या धातुकामाच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा दिराने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं की इथे बसायला जागा नाही. ती म्हणाली, मी बसायला आलेच नाही. पुढे ती सगळं शिकली, गिऱ्हाइकांपासून लेथ चालवणाऱ्या टर्नरपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणू लागले, पण दिराशी तिचं बोलणं कधी सरळ झालं नाही. तिने कापलेल्या तुकड्यांवर तो सगळ्यांदेखत पुन्हा माप लावायचा. तीही त्याने सांगितलेलं काही दुसऱ्याकडून खात्री केल्याशिवाय खरं मानायची नाही. तसं कारणही होतं. मागे एकदा त्याने एक काम रद्द झाल्याचं सांगून तिला लवकर घरी पाठवलं आणि ते काम स्वतः उरकून म्हाताऱ्याची शाबासकी घेतली.

म्हातारा म्हणजे तिचा सासरा. वर्कशॉप त्याने उभं केलेलं. आता डोळे अधू झाले होते, त्यामुळे तो दाराजवळच्या खुर्चीत बसून नुसता मशीनचा आवाज ऐकायचा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असं सांगून त्याने दोघांना बजावलं होतं की महिनाअखेर वर्कशॉप एकाच्या हातात देणार. दुसऱ्याने हाताखाली राहावं, नाहीतर आपली वाट धरावी. महिन्यातलं शेवटचं मोठं काम एका पंपवाल्याचं होतं आणि ते त्याने सुनेला दिलं. नीट पार पडलं तर वर्कशॉप तिचं. बिघडलं तर काय, हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

पंपवाल्याने धातूचा बार, म्हणजे भरीव दांडा, स्वतःच पाठवला होता. मनगटाएवढा जाड, तेल लावलेला. त्याचे सहा तुकडे करायचे आणि संध्याकाळी टेम्पोत चढवायचे. लांबी इतकी बेतून घेतलेली की वाया घालवायला बोटभरही बार जास्त नव्हता. सकाळी टेम्पोतून बार उतरवून घेतला तो दिराने. म्हातारा तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता.

धातू कापायच्या मशीनचं, बँडसॉचं ब्लेड म्हणजे दातांची लांब पोलादी पट्टी. ती दोन चाकांवरून सतत फिरत राहते. ती किती वेगाने फिरणार, हे मोटरचा रबरी पट्टा पुलीच्या कुठल्या खाचेत बसवलाय त्यावर ठरतं. इथल्या पुलीला तीन खाचा होत्या. अ‍ॅल्युमिनियमला वेगाची, साध्या लोखंडाला मधली, स्टेनलेसला सावकाशीची. चिवट धातूवर ब्लेड जोरात पळवलं की दात कापायचं सोडून घासायला लागतात, आणि तिथून पुढे सगळं बिघडत जातं.

वहिनी बार शिकंज्यात आवळत होती. दीर मागून जाता जाता म्हणाला, "वहिनी, ते स्टेनलेस आहे. सावकाश खाचेवर घ्या."

वहिनीने फळीवरचं लोहचुंबक घेतलं आणि बारला लावलं. धातू ओळखायची इथली रीत तीच, म्हाताऱ्यापासून चालत आलेली. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर स्टेनलेस. चुंबक खटकन चिकटलं.

"हे कुठलं स्टेनलेस, भाऊजी? तुमच्या सासुरवाडीचं?"

टर्नर लेथमागे हसला. दीर हसला नाही. आपण सांगायचं काम केलं, पालथ्या घड्यावर कोण पाणी ओतत बसणार, असं म्हणून तो त्याच्या टेबलाकडे गेला.

तिचा हिशोब सरळ होता. सावकाश खाचेवर सहा तुकड्यांना दिवस पुरला नसता, टेम्पो रिकामा परतला असता आणि म्हाताऱ्यासमोर ती तोंडघशी पडली असती. दिराला तेच हवं होतं. तिने पट्टा मधल्या खाचेत बसवला आणि मशीन चालू केलं.

चुरा सुरुवातीला बरा पडत होता. मग त्याच्या कुरळ्या तारा निळ्या पडू लागल्या, आवाज चिरका झाला आणि ब्लेड थंड ठेवणाऱ्या कुलंटची धार पडत असूनही कापातून धूर निघाला. तिने दाब कमी केला. चूक तिथे वाढली. ब्लेड आता नुसतं सरकत होतं, चुरा पडायचाच थांबला. तिने मशीन बंद करून ब्लेड वर उचललं. दात गुळगुळीत झाले होते. काप दोन बोटं खोल गेला होता आणि त्याचा तळ काचेसारखा चमकत होता. तिने कानस घासून पाहिली, ती त्यावरून घसरली.

टर्नर येऊन वाकून बघत राहिला. मग म्हणाला, चुंबकाला चिकटणारं स्टेनलेसही असतं, पंपाच्या शाफ्टांना तेच वापरतात, आणि तापलं की ते आणखी कडक होतं.

"हे तुम्हाला आत्ता आठवलं?"

"तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे, वहिनी, आधी सुट्टी मागून ठेवावी लागते."

तिच्याकडे दुसरं ब्लेड नव्हतं. बाजारातून या मापाची पट्टी टोकं जोडून मिळायला दुसरा दिवस उजाडला असता. नवं ब्लेड एकच होतं, दिराच्या कपाटात, कुलपाआड. ती त्याच्या टेबलाशी गेली. तो देतो म्हणाला. लगेच नाही, बाबा आल्यावर. काय झालं ते त्यांना तिने स्वतः सांगायचं, एकही शब्द न गाळता. तुम्हाला कमीपणा वाटत असेल तर राहू द्या, असंही वर म्हणाला.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. गप्प राहिली तर बार तसाच अडकून पडणार, बोलली तर वर्कशॉप गेल्यातच जमा.

म्हातारा दुपारी परत आला. खुर्चीत टेकायच्या आधीच त्याने विचारलं, मशीन का बंद आहे. वहिनी समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, बार स्टेनलेसचा होता. भाऊजींनी मला सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, मधल्या खाचेवर घेतला. ब्लेड गेलं, काप अर्धवट आहे."

"का नाही ऐकलंस?"

"चुंबक चिकटलं म्हणून. आणि सांगणारे भाऊजी होते म्हणून."

दीर टेबलाला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर घाई दिसत नव्हती. म्हाताऱ्याने त्याच्या दिशेने मान वळवली.

"तुला कुणी सांगितलं स्टेनलेस आहे म्हणून?"

"टेम्पोवाल्याने."

"चुंबकाला चिकटतं, हेही सांगितलं असेल."

दीर टेबलावरची मोजपट्टी सरळ करू लागला.

"सांगितलं का?"

"सांगितलं. मला कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं."

म्हाताऱ्याने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ब्लेड दे, एवढंच म्हणाला.

कपाट उघडलं. वहिनीने नवं ब्लेड चढवलं, पट्टा सावकाश खाचेत बसवला. बार अर्धा फेरा फिरवून घेतला, म्हणजे काप उलट्या बाजूने, न तापलेल्या धातूतून सुरू होईल. या वेळी तिने दाब सोडला नाही. चुरा चंदेरी पडू लागला, हाताला कोमट लागणारा. ब्लेड जुन्या कापाच्या कडक तळाजवळ येताच तिने मशीन थांबवलं, फटीत पाचर घातली आणि हातोडा मारला. राहिलेला पापुद्रा तुटला. टर्नरने ती टोकं लेथवर घासून सरळ केली. बाकीचे काप संथपणे होत राहिले, पण तिने धरला होता तेवढा वेळ लागला नाही. टेम्पो आला तेव्हा शेवटचा तुकडा मशीनवर होता. टेम्पोवाला कुरकुरला, तरी थांबला.

तो गेल्यावर म्हाताऱ्याने वर्कशॉपच्या किल्ल्या सुनेच्या हातात ठेवल्या.

दिराचा आवाज पहिल्यांदाच चढला. "चूक हिने केली. ब्लेड हिने घालवलं. मी खरं बोललो. आणि किल्ल्या हिला?"

"ती चुकली," म्हातारा म्हणाला. "तिला शिकवता येईल. तू कुठेच चुकला नाहीस. तुला काय शिकवू?"

दिराने डबा उचलला आणि तो निघाला. वहिनीने त्याला दारात गाठून सांगितलं, उद्या आठला अ‍ॅल्युमिनियमचे पाइप कापायचे आहेत, यायचं असेल तर वेळेवर यायचं. तो म्हणाला, "हुकूम सोडायला बरं जमतंय तुम्हाला." ती म्हणाली, तुमच्याकडूनच शिकले.

तो दुसऱ्या दिवशी आठला आला. त्याच्या टेबलावरचं सामान तिने बाजूच्या फळीवर हलवलं होतं. ते बघून तो बँडसॉकडे गेला, झाकण उघडून पट्टा बदलला आणि पाइप शिकंज्यात धरला. पट्टा कुठल्या खाचेत घातला ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. पहिला चुरा पडला. तिने तो चिमटीत धरून उजेडात पाहिला आणि मग तिथून हलली.

"नापास तर नाही ना केलं?" तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला.

"संध्याकाळी सांगते," ती म्हणाली.