वाचलेले दोन तास

चूक अरुंधतीचीच होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर तुम्ही उगाच यंत्रांना नावं ठेवाल. बिचाऱ्या यंत्रांनी काय केलं? सांगितलं तेवढं काम केलं, आणि इमानेइतबारे केलं.

अरुंधतीला वेळ हवा होता. रोज अकरा ते एक, दोनच तास. इंदुरातच, पलासियाला एका कोचिंग क्लासमध्ये आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायचं काम तिला मिळालं होतं. लग्नाआधीपासून ती शाळेत गणितच शिकवायची. निखिल झाला तशी नोकरी सुटली, ती सुटलीच. आता निखिल बंगळूरला आणि ही चोपन्न वर्षांची. क्लास चालवणाऱ्या यशोधराबाईंनी तिला अर्धा तास फळ्यापुढे उभं केलं आणि म्हणाल्या, "सोमवारपासून या, अरुंधतीजी. हाथ छूटा नहीं है आपका." त्या दिवशी ती रिक्षात एकटीच हसत घरी आली.

पण घरी सांगायचं कसं? राजेंद्र नगरातल्या त्या घरात सरळ मागायची रीतच नव्हती. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून, तेव्हापासून घरातल्या बायका जे हवं ते आडून मागत आलेल्या. साडी हवी असली की जुनी किती विरलीय ते दाखवायचं. माहेरी जायचं असलं की आईच्या गुडघ्यांचं बोलायचं. सासूबाई या कलेत पारंगत, आणि अरुंधती त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. त्यामुळे रविवारच्या व्हिडिओ कॉलवर ती नोकरीचं अवाक्षर बोलली नाही. म्हणाली, "अरे, भांडी-फरशीतच दिवस जातो बघ. आनंदीबाई आली तरी तिच्या मागे-मागे करावंच लागतं. दोन तास स्वतःचे म्हणून मिळत नाहीत."

तिचा बेत असा, की निखिलनं म्हणावं, मग आई, घराबाहेर पड, काहीतरी कर. आणि मग हळूच क्लासचं काढायचं. पण निखिल पडला इंजिनिअर. त्यानं तीनच गोष्टी ऐकल्या: भांडी, फरशी आणि दोन तास.

गुरुवारी दारात दोन खोकी. एकात भांडी धुवायचं मशीन, दुसऱ्यात जमीन झाडून-पुसणारा चपटा, गोल रोबो. आणि शुक्रवारी अरुंधती भाजी घेऊन परतली तेव्हा तिचे यजमान लक्ष्मीकांतराव सोफ्यावर हसत बसले होते. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेला माणूस, निर्णय झटपट घ्यायची सवय. त्यांनी आनंदीबाईला साडी देऊन, गोड बोलून निरोप दिला होता.

"आनंदीला मोकळं केलं," ते म्हणाले. "आता तिच्या मागे-मागे करायला नको. बोल, खुश? आता तुला टाइमच टाइम."

अरुंधतीनं भाजीची पिशवी खाली ठेवली. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तोही स्वतःचा.

कारण आनंदीबाई नुसती भांडी-फरशी करत नव्हती. जुन्या इंदूरहून ती नऊला यायची, दीड तासात काम उरकायची, आणि मग एकपर्यंत बाबांजवळ भाजी निवडत बसायची. बाबा म्हणजे अरुंधतीचे सासरे शरदचंद्र, शहाऐंशी वर्षांचे. माणसं विसरायचे, दिवस विसरायचे, पण रेकॉर्ड ऑफिसातले फाइलींचे नंबर अजून घडाघडा म्हणायचे. दार उघडं दिसलं की चपला घालून ऑफिसला निघायचे. एकदा तर भर रस्त्यात बसपुढे उभे सापडले. ते फक्त आनंदीबाईचं ऐकत. सोमवारचं सगळं तिच्याशीच ठरलं होतं. "तुम्ही जा ताई, बाबांना मी बघते," असं म्हणणारी जगात ती एकच होती, आणि तिलाच साडी देऊन घालवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अहो, पण बाबांजवळ कोण बसेल?"

"तू आहेस ना. आता काम कुठलं राहिलंय तुला?"

तिनं बाथरूममध्ये जाऊन आनंदीबाईला फोन लावला. "ताई, बुरा मत मानना," आनंदीबाई म्हणाली, "पण भाईसाहेब म्हणाले मशीन आली, तुझी गरज नाही. मी लगेच दुसरं घर धरलं. दिवसभराचं आहे." मग जरा थांबून तिनं विचारलं, "तुम्ही त्यांना अजून सांगितलंच नाही का?"

यंत्रं लागली कामाला. मशीनमध्ये लावायच्या आधी भांडी विसळायची, पितळी भांडी वेगळी काढायची, कढई मावत नाही ती हातानंच घासायची. रोबोसाठी खुर्च्या वर, पायपुसणी वर, वायरी वर. हे सगळं धरूनही काम साडेनवाला संपायचं, खोटं कशाला बोला. बाबांना रोबो फार आवडला. त्यांच्या ऑफिसातला शिपाई तुकोजी परत आला, असं त्यांनी धरलं आणि त्याच्या पाठीवर जुनी लाइट बिलं ठेवून "साहेबांकडे ने" असं सांगू लागले. तुकोजी ती बिलं घेऊन पलंगाखाली जायचा.

सोमवारी दहाला लक्ष्मीकांतराव पेन्शनर मित्रांकडे निघाले. ते दीडला, जेवायलाच उगवत. अरुंधतीनं बाबांना पोहे दिले, टीव्ही लावला, निळी साडी नेसली आणि पर्स उचलली. दोन तासांत काय होतंय, असं ती मनाशी चार-पाचदा म्हणाली. दार ओढलं, बाहेरून कुलूप घातलं आणि फाटकापर्यंत आली.

खिडकीच्या गजांतून बाबा बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "बाहेरून कुलूप का? मी काय केलं?"

आवाजात राग नव्हता. शिक्षा झालेलं पोर जसं विचारतं, तसं विचारलं त्यांनी. अरुंधती परत फिरली. तिनं कुलूप काढलं. मग तिनं यशोधराबाईंना फोन करून घरची अडचण सांगितली. "बुधवारपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "बुधवारी अकराला नाही आलात तर मला दुसरं बघावं लागेल. बच्चों का नुकसान होता है."

आणि त्या दुपारी, वरण वाढता-वाढता, या घरातल्या कुठल्याच बाईनं आजवर केलं नव्हतं ते अरुंधतीनं केलं. सरळ मागितलं.

"मला नोकरी मिळालीय, अकरा ते एक. मी ती करणार आहे. तुम्ही तेवढे दोन तास घरी थांबा, नाहीतर आनंदीसारखं कोणीतरी आणा. मला मशीन नको, माणूस हवंय."

लक्ष्मीकांतरावांचा घास हातातच राहिला. रागावले नाहीत हो. त्यांना वाईट वाटलं. "आधी नाही का सांगायचं?" म्हणाले. "पण मी कसा थांबणार? गणपतीची सगळी जबाबदारी मंडळानं माझ्यावर टाकलीय. थांब, निखिलला विचारू." आणि निखिल फोनवर खरंच खुश झाला. "आई, ग्रेट न्यूज! टेन्शन घेऊ नको, सॉल्व्ह करतो." रात्रीच्या आत त्यानं सॉल्व्ह केलंसुद्धा. बाप उंटावरचा शहाणा, तर लेक त्या उंटाचा इंजिनिअर.

बुधवारी दहाला कुलूप बसवणारा माणूस आला. पंढरीनाथ नाव, चाळिशीचा, कामात चोख. बोटाच्या ठशानं उघडणारं कुलूप होतं, आणि आतून उघडायलाही ठसाच लागणार, म्हणजे बाबा बाहेर पडण्याचा प्रश्नच मिटला. बाबांवर नजर ठेवायला तुकोजीत, म्हणजे त्या रोबोत, बसवलेला कॅमेरा होताच. बाबांना कुणी कुलूप घालताना दिसणार नाही, कुणी किल्ली शोधायची नाही, सगळ्यांचा वेळ वाचेल, असं निखिलनं समजावलं होतं. अरुंधती निळी साडी नेसून, पर्स खांद्याला लावून उभी होती. कोंडणं ते कोंडणंच, हे तिला कळत होतं. तरी ती गप्प राहिली, कारण अकराला पोचायचं होतं.

लक्ष्मीकांतरावांचा अंगठा पहिल्या झटक्यात घेतला गेला. मग तिचा. लाल दिवा. पुन्हा ठेवला, लाल. दुसरा अंगठा, मग तर्जनी, मग पदराला पुसून सगळीच बोटं.

"मैडम की उंगली नहीं आ रही, भिया," पंढरीनाथ लक्ष्मीकांतरावांना म्हणाला. "रेषाच नाहीत. भांडी खूप घासलीत का?"

घासली होती. सासूबाई होत्या तोवर देवाची आणि जेवणाची भांडी कामवाल्या बाईच्या हाताला लागू द्यायची नाहीत, घरच्या सुनेनंच घासायची, चिंच आणि राखेनं. अठ्ठावीस वर्षं घासली. त्या गेल्यावर आनंदीबाई आली.

"नंबर डाल दूँ?"

"नको नको," लक्ष्मीकांतराव म्हणाले. "नंबर बाबा एकदा बघतील आणि जन्मभर लक्षात ठेवतील. आणि हिच्या फोनवर कुलपाचं ते ॲप चालत नाही." मग ते तिच्याकडे वळले. "अगं, मी आहे ना. मला फोन करायचा, मी असेन तिथून उघडतो. निखिलही उघडेल. एका सेकंदाचं काम. थांब, ट्रायल घेऊ."

ते आणि पंढरीनाथ बाहेर गेले. दार लागलं. "लाव अंगठा आतून," त्यांनी हाक मारली. तिनं अंगठा लावला. लाल.

"फर्स्ट क्लास! आतून उघडत नाही." बाहेर लक्ष्मीकांतरावांनी पंढरीनाथची पाठ थोपटली. मग मंडळाच्या कामाच्या घाईत त्यांनी स्कूटर सुरू केली आणि तिचा आवाज दूर गेला.

"अहो," ती दाराला म्हणाली. "मला जायचंय ना."

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. स्कूटर चालवताना ते फोन घेत नसत, नियमाचे पक्के. निखिलला लावला. मेसेज आला, आई मीटिंगमध्ये आहे, साडेबाराला करतो. पुन्हा यजमानांना लावला. पुन्हा. तोवर तुकोजी स्वयंपाकघरातून आला, तिच्या पायांना वळसा घालून गेला. मशीनमधली भांडी केव्हाच धुऊन झाली होती.

बाबा येऊन शेजारी उभे राहिले. त्यांनी दाराकडे पाहिलं, तिच्या साडीकडे पाहिलं. "ऑफिसला निघालीस?"

"हो."

"मग कुलूप कोणी लावलं?"

अरुंधतीनं अंगठा पुन्हा एकदा कुलपाच्या काचेवर दाबला, जोरात, नख पांढरं होईपर्यंत.

"मी काय केलं, बाबा?" ती म्हणाली.

बाबांनी तिची पर्स खांद्यावरून काढली, तिचा हात धरला आणि तिला आपल्या खुर्चीशेजारी नेऊन बसवलं. अकराला दहा मिनिटं होती, आणि घरातलं सगळं काम झालेलं होतं.