वारा नव्हता

माझा आवाज लोकांना खरा वाटतो, हे मला जहाजावर गेल्यावर कळलं. आमच्या ग्वाव गावात मला सगळे चिरकी म्हणायचे. पण 'सेलेस्तिना' जहाजावर प्रवाशांची सगळी व्यवस्था बघणारा मारियस, आमचा रुमानियन साहेब, पहिल्याच महिन्यात म्हणाला, "वर्लिन, तू काहीही वाचलंस तरी माणसं मान डोलावतात." तेव्हापासून सकाळची घोषणा माझ्याकडे आली. दोन हजार माणसं माझ्या आवाजाने दिवस सुरू करतात, याचा मला गर्व होता. खोटं कशाला बोलू, फार होता.

त्या नोव्हेंबरात जहाज न्यूयॉर्कहून निघून सॅन हुआन आणि मार्टिनिक करून ग्रेनाडाला लागणार होतं, माझ्या घरी. पुढे बार्बाडोस आणि मग परत. मार्टिनिक सोडल्यानंतर पहाटे जहाजाच्या पोटात काहीतरी घरघरलं. नोकरांच्या खोल्या पार खाली असतात, त्यामुळे जहाजाचं दुखणं प्रवाशांच्या आधी आम्हाला कळतं. मी उठून बसले. घरघर थांबली, पण नंतर पलंगाला जो रोजचा कंप जाणवायचा, तो अर्धाच उरला होता.

साडेसहाला मारियसने मला बोलावून घेतलं. जहाज ढकलणाऱ्या दोन मोटरींपैकी उजवीकडच्या मोटरीचं बेअरिंग गेलं होतं. एका मोटरीवर रडतखडत ग्रेनाडाला जायचं आणि मग वेळेत बार्बाडोस गाठायचं, हे जमणारं नव्हतं. सुटा भागही विमानाने बार्बाडोसलाच येणार होता. म्हणून ग्रेनाडा गाळायचं ठरलं. हे सगळं त्याने मला सरळ सांगितलं आणि मग कागद हातात ठेवला. कागदावर लिहिलं होतं की ग्रेनाडाच्या सेंट जॉर्जेस बंदरात जोराचा वारा असल्यामुळे, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी, आज जहाज तिथे थांबणार नाही.

"वारा?" मी म्हणाले.

"वरच्या ऑफिसचा मजकूर आहे."

"मारियस, जरा खिडकीतून बघ तरी."

"बघितलंय." त्याने कपाळ चोळलं. "मोटर म्हटलं की माणसं आधी घाबरतात, मग भांडतात, मग वकील गाठतात. वाऱ्याशी कोण भांडतं? वाच. आणि जरा हसऱ्या आवाजात."

घसा बसलाय म्हणून मला टाळता आलं असतं. दुसऱ्या कोणीतरी वाचलं असतं. पण मी वाचलं, आणि शेवटी माझ्या पदरचं एक वाक्य जोडलं. "मी स्वतः ग्रेनाडाची आहे, आणि आमचा वारा काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे." ते वाक्य कागदावर नव्हतं. मला कोणी सांगितलंही नव्हतं. मारियसने अंगठा वर करून दाखवला आणि मला, काय सांगू, बरं वाटलं.

सात वाजता मी स्वागतकक्षात उभी राहिले तेव्हा समोर पन्नाससाठ माणसं जमली होती. कोणाच्या हातात पोहायचे चष्मे, कोणाच्या डोक्यावर गवताची टोपी. कुरकुर होती, पण फार नाही. "वाऱ्याला आपण काय करणार," असं म्हणून माणसं नाश्त्याला वळत होती. मारियसचं खरंच होतं.

गर्दी पांगल्यावर एक म्हातारा पुढे आला. अंगात तपकिरी सूट, हातात फेल्ट हॅट, बूट असे चमकवलेले की त्यात छताचे दिवे दिसावेत. समुद्रसफरीवर सकाळी सात वाजता असा कोणी नटत नाही.

"घोषणा तू केलीस ना, पोरी?"

"हो सर. वाऱ्यामुळे फार वाईट वाटतंय."

"मी एनोक बेडो. ग्वावचा. चाळीस वर्षं झाली टोरोंटोला." तो माझ्या छातीवरच्या बिल्ल्याकडे बघत होता. बिल्ल्यावर नावाखाली देशाचं नाव असतं. "तू ग्रेनाडात कुठली?"

बेडोंचं घर मला माहीत होतं. चर्चच्या मागे, जायफळाच्या गोदामाकडे जाताना. ग्वाव म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोणाची? आणि त्याचं उत्तर होतं, कथबर्टची. सबंध किनाऱ्यावर वारा बघण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही, त्या कथबर्टची.

"सेंट जॉर्जेसची," मी म्हणाले.

"शहरातली?" तो किंचित हसला. "बोलणं तर आमच्याकडचं आहे. बरं, असू दे. जरा बाहेर चल माझ्याबरोबर. म्हाताऱ्याचा हट्ट समज."

मी गेले. जहाज सेंट व्हिन्सेंट बेटाच्या आडोशाने चाललं होतं आणि समुद्र ताटात पाणी ओतून ठेवावं तसा पडला होता. मागच्या डेकवरचं निशाण काठीला ओल्या फडक्यासारखं चिकटलं होतं. एनोकने त्याकडे बोटसुद्धा दाखवलं नाही. तो कठड्याशी जाऊन मागे उमटणाऱ्या फेसाच्या वाटेकडे बघत राहिला.

"ही बोट लंगडतेय," तो म्हणाला. "डाव्या पायावर चालतेय. मी वीस वर्षं मासेमारीच्या होड्या बांधल्या आहेत, पोरी. इंजिन आजारी पडलं, त्यात कोणाचं पाप नाही. मग तसं सांग ना. आपल्या वाऱ्यावर कशाला ढकलतेस?"

"सर, बंदरातली परिस्थिती इथून दिसत नाही."

हे मी म्हणाले. त्याच्या तोंडावर, त्या निशाणाखाली उभी राहून. त्याने हॅट डोक्यावर ठेवली आणि फक्त म्हणाला, "बरं."

दहाच्या सुमाराला बाबाचा फोन आला. बाबा सहसा फोन करत नाही. फोनमध्ये ओरडावं लागतं असं त्याला अजून वाटतं.

"वर्लिन! तुझा आवाज ऐकला मी!"

"कुठे?"

"फोनवर! बोटीतल्या कोणीतरी रेकॉर्ड करून टाकलाय. सबंध किनारा ऐकतोय. 'आमचा वारा मला चांगला ठाऊक आहे.' तीनदा लावला आत्ता रमच्या दुकानात."

माझे कान तापले. "काय म्हणतात?"

"म्हणतात, काय रे कथबर्ट, कुठला वारा? आम्हाला पण थोडा दे, शिडं वाळत घालायची आहेत." तो हसला नाही. "मी म्हटलं, पोरगी म्हणतेय तर असेल वर उत्तरेला कुठेतरी."

माझ्या बापाने आयुष्यात वाऱ्याबद्दल खोटं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्याच्या शब्दावर माणसं होड्या पाण्यात लोटतात. आणि आज माझ्यासाठी तो दारूच्या दुकानात, दिवसाढवळ्या, खोटं बोलला होता.

"बाबा..."

"ते जाऊ दे. एक सांगायचं होतं. आयोन बेडो सकाळी पहिल्या बसने धक्क्यावर जाऊन बसलीय. पातेलंभर ऑइल डाऊन केलंय म्हणे, नीरफणसाचं, भाऊ येणार म्हणून. आता म्हणतेय, तो बोटीवर चढलाच नसेल. आईच्या मयताला आला नाही तेव्हाही वादळाचं कारण दिलं होतंन् त्याने. म्हणते, याचा नेहमीचाच वारा. खरंच आहे का गं तो बोटीवर?"

"आहे."

"मग सांगा कोणीतरी तिला," बाबा म्हणाला आणि फोन ठेवला.

मी एनोकला शोधलं. तो वरच्या डेकवर दक्षिणेकडे तोंड करून बसला होता, अजून सुटातच. आजूबाजूला माणसं अंगाला तेल चोळून उन्हात पडलेली. मी त्याच्या खुर्चीपाशी उकिडवी बसले.

"काका, मोटर गेलीय. उजवीकडची. वारा नाहीये. मी खोटं बोलले."

"मला ठाऊक आहे."

"आणि मी ग्वावची आहे. कथबर्टची मुलगी."

आता त्याने मान वळवली. माझा चेहरा निरखला. "नाक त्याचंच आहे," तो म्हणाला. मग खिशातून फोन काढून मांडीवर ठेवला. "मी आयोनला फोन केला होता. मी म्हटलं, जहाज थांबत नाहीये. ती म्हणाली, का? आता काय सांगू? मोटर बिघडली म्हणावं तर तुम्ही सगळ्यांना वारा सांगितलेला. मी म्हटलं, ते वारा म्हणतायत. तिने फोन ठेवला. मग मी परत केला, तर उचलत नाही."

त्याने मांडीवरचा फोन उलटा ठेवला. "आईच्या वेळी विमानतळापर्यंत गेलो होतो. विमानाच्या दारातून मागे फिरलो. भीती वाटते मला, आधी एकदा फार वाईट अनुभव आला होता. भावाला भीती वाटली असं कसं सांगायचं? म्हणून वादळ म्हटलं. तिने त्या दिवशी ग्वावचं आभाळ बघितलं होतं." त्याने बोटांनी हॅटची कड फिरवली. "या वेळी मी खरंच आलो होतो, पोरी. टोरोंटो ते न्यूयॉर्क आगगाडीने, पुढे हे जहाज."

मी त्याला खाली स्वागतकक्षात नेलं आणि टेबलावरच्या फोनवरून त्याच्या बहिणीचा नंबर लावला. मारियस चार हात अंतरावर कागद चाळत उभा होता. अनोळखी नंबर बघून तिने उचलला. आमच्याकडे मोठ्या बायकांना टांटी, म्हणजे मावशी, म्हणतात.

"टांटी आयोन, मी जहाजावरून बोलतेय. तुमचा भाऊ इथे आहे. माझ्या शेजारी उभा आहे. सुटात."

"कोण तू?"

"घोषणा केली ती. वारा नव्हता, टांटी. जहाजाची एक मोटर बिघडलीय. आम्हाला तसं सांगायचं नव्हतं, म्हणून मी वारा म्हटलं. त्याने काही केलेलं नाही."

मारियसचे कागद थांबले. त्याने वर बघितलं नाही.

"कोणाची तू?" पलीकडून आवाज आला.

"कथबर्टची."

मागे धक्क्यावरचा गलका ऐकू येत होता, टॅक्सीवाल्यांच्या हाका. मग ती म्हणाली, "कथबर्टच्या पोरीला वारा कळत नाही होय? दे त्याला."

मी फोन दिला आणि बाजूला झाले. एनोक फार काही बोलला नाही. "हो. हो, आयोन. नाही, जेवलो नाही," एवढंच ऐकू आलं. मारियस माझ्या जवळून जाताना पुटपुटला, "मी इथे नव्हतो." मी त्याला दोष देत नाही. मोठ्या आवाजात मीही काहीच बोलले नव्हते. माइक तिथेच होता, टेबलाच्या कोपऱ्यात, माझ्या हाताशी. मी त्याला हात लावला नाही.

बार्बाडोसला पोचल्यावर कळलं की बिघाड नुसत्या बेअरिंगचा नव्हता, आतला दांडाही खराब झाला होता. सफर तिथेच संपली. सगळ्यांना विमानाने घरी पाठवायचं ठरलं. या वेळी मजकुरात 'तांत्रिक कारण' लिहिलं होतं, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तेही मीच वाचलं. खालून ओरडा झाला. "मग परवा काय होतं?" एक बाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "परवा तू इतकी गोड बोललीस!" मी म्हटलं, "माफ करा." तिला वाटलं मी जहाजातर्फे माफी मागतेय.

एनोक रांगेत उभा होता. टोरोंटोचं तिकीट त्याने परत केलं. "विमानात बसायचंच आहे तर मग लांबच्या कशाला," तो म्हणाला. "ग्रेनाडाचं किती वेळ असतं गं?"

"पाऊण तास, काका. थोडं कमीच."

"फार लहान असतं का?"

"लहान असतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. माझा निरोप न घेताच तो शिडी उतरला. कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी.

मी फेब्रुवारीत सुट्टीवर घरी आले. बस ग्वावला थांबली तेव्हा रमच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, "अरे, टोप्या सांभाळा, वर्लिन आली!" सगळे हसले. मीही हसायला गेले, पण ओठच हलेनात. पुढे दोन वर्षं मला गावात 'वादळी'च म्हणत होते, अजूनही कोणी कोणी म्हणतं. बाबा तिथेच बसला होता. त्याने माझी बॅग उचलली आणि घराकडे चालू लागला. त्या दिवसाबद्दल तो कधीच काही बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला झोप तरी लागली असती.

चौथ्या दिवशी मी टांटी आयोनकडे गेले. जावंसं वाटत नव्हतं, पण तिच्या घरावरून गेल्याशिवाय आमच्या गावात बाजारात जाता येत नाही, आणि रोज मान खाली घालून जाणं मला जमेना. ती पायरीवर बसून कोकोची कांडी किसत होती. मी कुंपणाशी उभी राहिले.

"आत ये. कुंपण तुला चावणार नाही."

मी आत गेले. ती किसतच राहिली.

"एनोक आला तेव्हा सूट सगळा ओकाऱ्यांनी भरलेला," ती म्हणाली. "विमानतळावरच्या माणसाने आपला सदरा दिला. मी म्हटलं, एवढ्यासाठी चाळीस वर्षं? रडायला लागला वेडा. तीन आठवडे राहिला. परतही विमानानेच गेला." मग आत चुलीशी जाऊन तिने कोकोत जायफळ घातलं, दूध घातलं, चूल सारखी केली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बोटीवर किती माणसं होती गं?"

"दोन हजार शंभर."

"आणि खरं किती जणांना सांगितलंस?"

तिने विचारलं ते टोमण्यासारखं नव्हतं. तिला फक्त आकडा हवा होता.

"दोघांना," मी म्हणाले.

"हं," टांटी आयोन म्हणाली. तिने माझ्यासमोर कप ठेवला. "पी. साय धरेल."