केरूभाऊंचा डबा

शुक्रवारी दुपारची जेवणं उरकली की दत्ताराम पलंगाखालून टेपरेकॉर्डर बाहेर काढायचा. सौदीतल्या रास तनुऱ्याच्या रिफायनरीचं काम तेव्हा जोरात होतं, सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा सुमार. ठेकेदाराच्या कॅम्पात वाळूवर ओळीनं पत्र्याच्या केबिनी उभ्या होत्या. त्यातल्या एका खोलीत तिघं राहायचे. दत्ताराम फिटर, संगमेश्वराकडचा. गफूर दाभोळचा, इलेक्ट्रिशियन. कंपनीची पिकअपही तोच चालवायचा. तिसरा केरू, गुहागराकडचा सुतार. वयानं मोठा आणि अबोल. त्याला सगळे केरूभाऊ म्हणत.

दत्तारामची बायको पारू पत्रं लिहीत नसे. तिला लिहिता येत नव्हतं आणि दुसऱ्याकडून लिहवून घ्यायला लाजायची. दत्तारामचा चुलतभाऊ दौलत कुवेतहून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर घेऊन गावी परतला, तेव्हापासून ती कॅसेट भरून पाठवायला लागली. कुणी सुट्टीवर जाऊन परत आला की त्याच्या सामानात दत्तारामची कॅसेट असायची. तो ती एका दमात ऐकत नसे. एका शुक्रवारी एक बाजू, पुढच्या शुक्रवारी दुसरी. खोलीत आडोसा कसला असणार? पारूचा आवाज सुरू झाला की गफूर भिंतीकडं तोंड करून झोपेचं सोंग घ्यायचा आणि केरू चप्पल सरकवून बाहेर जायचा.

त्या शुक्रवारी दुसऱ्या बाजूची पाळी होती. आधी कोंबड्याचं आरवणं आलं. मग पारू. "ऐकताय ना? दौलतभावोजी म्हणतात, जरा मोठ्यानं बोला. पडवीची कौलं परतून घेतली. सखू आता भिंतीला धरून उभी राहते. तुमचा फोटो दाखवला की बोट लावते." दत्ताराम इकडं आल्यावर सखूचा जन्म झाला होता. त्यानंही तिला फोटोतच पाहिलं होतं. "आणि हां, एक सांगायचं राहिलंच," पारू म्हणाली, आणि आवाजातच तिला हसू फुटलं. "तुम्ही हसाल..."

तेवढ्यात मशीननं खर्रर्र केलं. पारूचा आवाज जाड झाला, ओढल्यासारखा झाला आणि बंद पडला.

दत्तारामनं घाईनं बटण दाबलं. कॅसेट बाहेर येईना. गफूर उठला, त्यानं आपला स्क्रू-ड्रायव्हर आणला आणि मागचं झाकण सोडवलं. झाकण उचललं मात्र, आतून तांबूस, बारीक झुरळं चारी दिशांना पांगली. दत्तारामच्या मनगटावरून, चादरीवरून, भिंतीवरून. आत तारांच्या बेचक्यात त्यांची अंडी चिकटली होती. फीत रोलरभोवती गुंडाळून चुरगळली होती.

"खलास," गफूर म्हणाला. "इथं तर त्यांचा अख्खा कॅम्प वसलाय. मशीन आठवडाभर अंधारात पडून असतं ना, त्यांना कोण उठवणार?"

 दत्ताराम ती फीत बोटांनी सोडवत बसला होता. बरीचशी सुटली, पण एक तुकडा पार चिंध्या झाला होता. गफूरनं तो कापून काढला आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली. मशीन साफ करून कॅसेट पुन्हा लावली. पारू हसत म्हणाली, "तुम्ही हसाल..." मध्ये एक उचकी लागल्यासारखा आवाज आला, आणि लगेच, "म्हणून मग आम्ही परत घरी आलो. बरं, तब्येतीला जपा."

कुठं गेले होते? का परत आले? हसण्यासारखं काय घडलं होतं? दत्तारामनं ती जागा पुन्हा पुन्हा वाजवली. शेवटी गफूरच म्हणाला, "पुरे आता, जोड उखडेल."

त्याच आठवड्यात कादिर नावाचा ओळखीचा वेल्डर सुट्टीवर निघाला. दत्तारामनं त्याच्यासोबत कॅसेट पाठवली. तीत इतर बोलणं थोडकंच होतं. "तू काय सांगत होतीस ते परत सांग," एवढंच पुन्हा पुन्हा होतं.

मग तो झुरळांच्या मागे लागला. आधी बाजारातून फवारा आणला. खोली बंद करून मारला तेव्हा तिघंही बाहेर उभे राहून खोकत होते. झुरळं दोन दिवस शेजारच्या खोलीत पाहुणी गेली आणि परत आली. मेसमधल्या मलबारी स्वयंपाक्यानं सांगितलं तशी त्यानं बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या केल्या आणि पलंगाच्या पायांशी, कपाटामागं ठेवल्या. एसीच्या चौकटीभोवतीच्या फटी पुट्टीनं बुजवल्या. एसीचं पाणी आत ठिबकायचं, त्याला नळी लावून ते बाहेर काढलं. झुरळाला अन्न नसलं तरी चालतं, पाणी लागतं, असं त्याचं मत झालं होतं. पण अन्नाचंही त्यानं सोडलं नाही.

"आजपासून खोलीत खाण्याची वस्तू नको," त्यानं जाहीर केलं.

हे जड गेलं. प्रत्येकाच्या पलंगाखाली घरचं काही ना काही होतं. गफूरजवळ बहिणीनं, सकिनानं दिलेले सुके बोंबील होते. मेसमध्ये कुणी ते भाजू देत नसे. गफूर नुसती पिशवी उघडायचा, नाक घालायचा आणि परत बांधून ठेवायचा.

"अरे, तेवढंच तर हाय," तो म्हणाला. "बोंबलाचा वास गेला तर मी कुठला हेच मी विसरीन."

"तुझ्या वासावरच ती पोसली आहेत!"

शेवटी केरूभाऊंनी तोडगा काढला. कामावरच्या उरलेल्या फळ्यांची एक पेटी केली, झाकण असं घट्ट की सुरी जाऊ नये. ती केबिनीबाहेर सावलीला ठेवली. गफूरचे बोंबील तीत गेले. दत्तारामचं लोणचं गेलं.

"तुमचं काय, केरूभाऊ?" दत्तारामनं विचारलं.

"माझं काय नाय," केरू म्हणाला आणि रंधा पुसायला लागला.

झुरळं कमी झाली, पण गेली नाहीत. दिवा लावला की केरूच्या पलंगाकडून एखादं धावायचंच. दत्ताराम चप्पल घेऊन मागं लागायचा. दिवसभर रिफायनरीत पाइपांशी झुंजून आलेला माणूस घामेजल्या अंगानं जमिनीवर ओणवा होऊन फटी तपासायचा. गफूरला आधी हसू यायचं, पुढं येईनासं झालं.

कादिर परतला तो गुरुवारी. त्यानं नवी कॅसेट आणली. दत्तारामनं शुक्रवार उजाडेपर्यंत कशीबशी कळ काढली आणि सकाळीच ती लावली.

"अहो, तुम्ही काय विचारताय ते मला खरंच आठवत नाही," पारू म्हणत होती. "कुठं गेलो होतो आम्ही? असंच काहीतरी बोलले असेन. दौलतभावोजींनाही विचारलं, त्यांनाही आठवेना. एवढं काय होतं त्यात? बरं, ऐका, सखूला दात आला..."

दत्तारामनं मशीन बंद केलं.  मग उठला आणि आपला पलंग भिंतीपासून ओढला. गफूरचा ओढला. कपाट हलवलं. केरूभाऊ बाहेर नळावर कपडे धूत होते. त्यांचा पलंग ओढताच एक झुरळ निघालं, फरशीवरून तिरकं धावलं आणि केरूच्या पत्र्याच्या ट्रंकेच्या फटीतून आत शिरलं. मागोमाग दुसरं.

"केरूभाऊ!" दत्ताराम ओरडला. "आधी इकडं या. ट्रंक उघडा."

केरू ओल्या हातांनी दारात आला. "कशाला?"

"उघडा म्हणतो ना!"

केरूनं कमरेची किल्ली काढली. वर कपडे होते, एक जुना स्वेटर होता. त्याखाली ॲल्युमिनियमचा डबा, तोंडाला फडकं बांधलेलं. फडकं कुरतडलेलं. दत्तारामनं डबा उचलला तशी झुरळं कडेनं भराभर बाहेर पडली. आत नाचणीचे लाडू होते. काळपट, पोखरलेले, बुरशी आलेले.

"हे जपून ठेवलंय तुम्ही?" दत्तारामचा आवाज चिरका झाला. "आम्ही घरचा कण खोलीत ठेवत नाही, आणि तुमच्या ट्रंकेत हे कुजतंय! ह्याच्यापायी माझ्या बायकोचं बोलणं गेलं!"

तो डबा घेऊन दाराकडं निघाला. केरू वाटेत उभा राहिला. हात पुढं केला नाही, नुसता उभा राहिला.

"माझ्या बायकोनं केलेत ते," तो म्हणाला.

दत्ताराम थांबला. केरूची बायको कृष्णाबाई वारल्याचं कॅम्पात सगळ्यांना ठाऊक होतं. आदल्या वर्षी तार आली होती. पासपोर्ट ठेकेदाराकडं अडकलेला, ज्याच्या सहीशिवाय देश सोडता येत नाही तो अरब कफील गावाला गेलेला. सही होऊन विमान मिळेपर्यंत तेरावंही उरकलं असतं. केरू गेला नाही. दुसऱ्या दिवशी कामावर हजर होता. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे.

"निघालो तेव्हा बांधून दिले होते," केरू सांगत होता. "निम्मे खाल्ले. रोज एक खायचो. तार आली त्या दिवसापासून हात लावला नाय. खाल्ले असते तर संपले असते, दत्ताराम."

गफूर पलंगाच्या कडेला बसला होता, तो उठून उभा राहिला. दत्तारामनं डबा हळूच पायरीवर ठेवला आणि तिथंच बसला.  तो एवढंच म्हणाला, "मला सांगायचं होतंत, केरूभाऊ."

"काय सांगू? लाडू हायत म्हणून?"

त्या दिवशी तिघांनी मिळून ट्रंक रिकामी केली. कपडे उकळत्या पाण्यात टाकले, ट्रंक उन्हात पालथी घातली. डबा फडक्यासकट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून केबिनीच्या तापल्या पत्र्यावर ठेवला. टाकायची भाषा कुणी केली नाही. त्या उन्हात आतलं एकही झुरळ जगलं नाही. खोलीतलीही दिवसेंदिवस कमी होत गेली. काही दिवसांनी दिवा लावल्यावर काहीच धावलं नाही, तेव्हा दत्ताराम उगीचच थोडा वेळ जमिनीकडं पाहत राहिला.

पुढच्या शुक्रवारी गफूर पिकअपची किल्ली घेऊन आला. "केरूभाऊ, चला, दर्यावर जाऊया," तो म्हणाला. डबा कुणी घ्यायला सांगितला नाही. केरूनंच तो पत्र्यावरून काढून मांडीवर घेतला.

पाणी उथळ होतं, हिरवट, जवळजवळ निश्चल. दूर तेलाची जहाजं उभी होती. केरू किनाऱ्यावर उभा राहून पाहत राहिला.

"ह्याला लाटा नायत," तो म्हणाला.

"पाणी एकच हाय," गफूर म्हणाला. "हुर्मुझच्या बाहेर पडलं की आपलाच समुद्र. माझा आजा गलबतानं ह्याच वाटेनं बसऱ्याला जायचा, खजूर आणायला. दाभोळहून निघायचा आणि दाभोळलाच परत लागायचा."

केरूनं मान हलवली. गफूर पिकअपजवळ गेला आणि रस्त्याकडं लक्ष ठेवून उभा राहिला. त्या देशात उघड्यावर असले विधी करताना कुणी पाहिलं तर नसती चौकशी झाली असती. केरू पॅन्ट वर ओढून पाण्यात शिरला. एकेक लाडू त्यानं हातात कुस्करला आणि पाण्यावर सोडला. बारीक मासे आले, पाणी जरासं चमकलं. तो काही पुटपुटत होता, ते दत्तारामला ऐकू आलं नाही. डबा रिकामा झाल्यावर त्यानं नाक धरलं आणि कपड्यांसकट पाण्यात बुडी मारली. वर आला तेव्हा तोंड वेडंवाकडं झालं होतं. खाली बसून, छातीपर्यंतच्या पाण्यात तो मोठ्यानं रडला. तार आल्यापासून पहिल्यांदाच. दत्ताराम टॉवेल घेऊन काठावर उभा राहिला.

परतताना तिघं पुढच्याच सीटवर दाटीनं बसले. केरूच्या कपड्यांचं पाणी सीटवर निथळत होतं. बराच रस्ता मागं पडल्यावर दत्तारामनं विचारलं, "वैनी दिसायला कशा होत्या?"

केरूनं काचेबाहेर पाहिलं. त्याच्याजवळ तिचा एकही फोटो नव्हता.

"ठेंगणी," तो म्हणाला. "भुवईवर खूण होती. लहानपणी आंब्यावरून पडलेली. मला घालवायला एस्टीपर्यंत कधी आली नाय. दाराआड उभी राहायची. गाडी घरासमोर वळली की मागून हाक मारायची, आणि मी उतरलो की म्हणायची, काय नाय, जा. एकदा तर कंडक्टर भडकला..."

तो बोलत राहिला. विहिरीवरचं तिचं भांडण, फणसाची तिला असलेली भीती, तिचं ते पायांच्या बोटांवर उभं राहून शिंक्याला हात लावणं.  कॅम्पचं फाटक आलं, तरी गफूरनं गाडी आत वळवली नाही. तो सरळ रस्त्यानं पुढं चालवत राहिला, अगदी हळू, केरूभाऊंचं बोलणं तुटू नये म्हणून.