कडक खळीचा सदरा

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी काढून घ्या!

लाँड्रीत इस्त्री करणारी एक सून होती. सुरकुती तिला बघूनच पळायची, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की हिची दातखीळ बसायची. त्या संध्याकाळी लाँड्री कामगारांची सभा होती. मुकादमाविरुद्ध अध्यक्षपदाला कोण उभं राहणार, असं विचारलं की हिनं हात वर करायचा, हे बायकांनी परस्पर ठरवून टाकलेलं. सकाळीच हिनं सासूबाईंपुढे हात टेकले.

"मला नाही जमायचं, आई."

"नको जमू दे. चल, संग्रहालय बघू. आज फुकट आहे," सासूबाई म्हणाल्या.

तिथे काचेमागे एक जुना सदरा होता, खांद्यापासून कफापर्यंत ताठ. सासूबाईंना चेव चढला.

"तेव्हा बायकांना मत नव्हतं, बरं का. ठराव आला की मेंबर लोक हात वर करून पाडायचे. मग आपल्या लाँड्रीवाल्यांनी काय केलं? सगळ्यांच्या सदऱ्यांना अशी खळ दिली, अशी खळ दिली, की 'विरोध असेल त्यांनी हात वर करा' म्हटल्यावर एकाचाही हात उठेना! ठराव पास!"

माहिती सांगणारी बाई हसली. "आजी, असं कुठे लिहिलेलं नाही हो."

"लिहिणार कोण? त्यांचेही हात अडकलेले!"

"लिहिलंय ते एवढंच, की लाँड्रीतल्या बायका मतासाठी वर्षानुवर्षं दारोदार फिरल्या. तुरुंगात गेल्या. सुटल्या की कामावर, आणि काम सुटलं की पुन्हा मोर्चात." तिनं भिंतीवरचा फोटो दाखवला.

सून जवळ गेली. पुढच्या बाईनं फलक उंच धरलेला, बाही घसरलेली, मनगटावर इस्त्रीच्या टोकाचा चटका. तसाच डाग हिच्याही मनगटावर होता.

"दिवसभर काम करून एवढा उंच धरलाय. हात दुखत नसतील?"

"दुखत असणारच," सासूबाई म्हणाल्या. पदरचं काही न घालता, पहिल्यांदाच.

संध्याकाळी सभेला सासूबाईही शेजारी येऊन बसल्या. तिथे विचारलं, "मुकादमांच्या विरोधात कुणी?" आणि सुनेचा हात आपोआप सरळ वर गेला.

"मी!" ती म्हणाली.

मुकादमाला चहाचा ठसका लागला आणि बायकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

बरं, एक कबूल करते. हात आपोआप गेला, हे तेवढं माझ्या पदरचं. कोपराला खालून सासूबाईंनी टेकू दिला होता. 'मी' मात्र तिचं तिनंच म्हटलं.